मदत हवी आहे: दातांच्या दवाखान्यातील कर्मचाऱ्यांसाठी बालसंरक्षणाचे प्रशिक्षण

शलाका: माझ्या दवाखान्यातील कर्मचाऱ्यांना बालसंरक्षणाचे प्रशिक्षण या महिन्यातच द्यायचे आहे. कुठे मिळेल, एवढेच कृपया सांगावे. शोधल्यावर शाळांसाठीचे अभ्यासक्रम सापडतात; खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या असिस्टंटने काय पाहायचे, हे त्यांत नसते.

मिलिंद_क: गाव कोणते, कर्मचारी किती, भाषा कोणती? नुसते प्रमाणपत्र हवे असेल, तर तेही स्पष्ट लिहावे.

लीड्सकर: इंग्लंडमध्ये रुग्णांवर उपचार करणाऱ्या आम्हा सर्वांना लेव्हल २ चे प्रशिक्षण घ्यावे लागते. ते ऑनलाइन मिळते, तेच घ्यावे. अजून चालूही न लागलेल्या बाळाच्या वरच्या ओठाआतील पडदा फाटलेला असणे, कानावर किंवा गळ्यावर वळ असणे, पालक सांगतात ते कारण आणि इजा यांचा मेळ न बसणे, हे सारे त्यात शिकवतात.

वकील_कोल्हापूर: खुणा तिथल्या चालतील, पुढची कार्यवाही चालणार नाही. लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे पॉक्सो कायदा २०१२ (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) याच्या कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. राजुऱ्यातील शाळेच्या वसतिगृहात मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात, माहीत असूनही न कळवल्याचा डॉक्टरवरील गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला.

सुमेधा७: दवाखान्यात सीसीटीव्ही बसवावा आणि नोकरीवर घेताना पोलीस पडताळणी करावी.

मिलिंद_क: सुमेधाताई, ते योग्यच आहे, पण इथे प्रश्न घरी मार खाऊन आलेले मूल ओळखण्याचा आहे.

शलाका: सांगली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. दोन असिस्टंट आणि रिसेप्शनवर एक. तिघींनाही मराठीच समजते. नुसती मारहाण किंवा हेळसांड असेल, तर पॉक्सो लागू होतो का?

वकील_कोल्हापूर: नाही. तिथे बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम ७५ येते; मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने केलेली मारहाण किंवा हेळसांड हा त्याखाली गुन्हा आहे. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करावा किंवा बाल कल्याण समितीला कळवावे. प्रशिक्षणासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला पत्र देऊन मराठीत बोलणारा अधिकारी मागावा. लैंगिक अत्याचाराच्या भागासाठी मुंबईच्या ‘अर्पण’ संस्थेकडे विचारावे.

लीड्सकर: कायदा शिकवणारा अधिकारी तोंडातल्या खुणा शिकवणार नाही, तो भाग डॉक्टरांनी स्वतःच घ्यावा. किडलेले दात दिसले की लगेच हेळसांड म्हणू नये. उपचार परवडत असूनही, वारंवार सांगूनही, दुखणे सोसणाऱ्या मुलाला कुणी आणत नसेल, तर मात्र ती हेळसांडच आहे.

वकील_कोल्हापूर: हे मान्य. परवडण्याची चौकशी मात्र आपल्याकडे आधी करावी लागेल.

शलाका: मूल स्वतःच काही बोलले, तर असिस्टंटने काय करावे?

लीड्सकर: खोदून विचारू नये, ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून लगेच आपल्याला, म्हणजे डॉक्टरांना, सांगावे, आणि कळवण्याचा फोन रिसेप्शनवरून न करता आतल्या खोलीतून करावा.