मदत हवी आहे: रोंडोत जमतं, मॅचमध्ये का नाही?

नमस्कार मंडळी. मी १४ वर्षांखालच्या मुलांना फुटबॉल शिकवतो, फॉर्मेशन ४-३-३ (चार बचावात, तीन मध्ये, तीन पुढे). चार विरुद्ध दोनच्या रोंडोत (कडेच्या चौघांनी मधल्या दोघांना चुकवत पास देण्याचा सराव) पोरं दोन टचमध्ये मस्त बॉल फिरवतात. मॅचमध्ये मात्र गोलकिकवरून पास देत वर यायचं म्हटलं, की समोरचे तिन्ही फॉरवर्ड अंगावर येतात आणि आमचे सेंटर बॅक (मधले दोन बचावपटू) बॉल उडवून मोकळे होतात. २०१९ च्या नियमबदलापासून गोलकिकचा पास पेनल्टी एरियातच घेता येतो, म्हणून दोन्ही सेंटर बॅकना कीपरच्या दोन्ही बाजूंना उभं करतो. पण एकुलता होल्डिंग मिडफिल्डर (बचावफळीच्या पुढे थांबणारा) मार्क झाला, म्हणजे समोरचा त्याला चिकटला, की सगळं अडतं. तो बॉल यायच्या आधी मान वळवून मागे बघतच नाही! (ओरडून फक्त माझा घसा बसतो.)

मला वाटतं, रोंडोला दिशा नसते, तिथेच घोळ आहे. कीपर धरून सहा विरुद्ध चार असा, पुढे दोन छोटे गोल ठेवून सराव कुणी घेतं का? जागा केवढी आखता?

आणि ४-२-३-१ करून होल्डिंगला दोघं ठेवावेत, की आधी फुलबॅकना (कडेच्या बचावपटूंना) मोकळ्या जागेत सुटायला शिकवावं? माझा कल दुसऱ्याकडे आहे. या वयोगटाला शिकवलेल्यांनी जरूर सांगा.