आफ्रिकेत पोस्टिंग आहे, 'आफ्रिकन' भाषा कुठली शिकू?

नाशिकचा_पाऊस
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. आमची कंपनी पाण्याचे पंप बनवते, मी सर्व्हिसला आहे, आता दोन वर्षांसाठी दार-ए-सलामला (टांझानिया) पाठवतायत आणि तिथून मधूनमधून लागोस (नायजेरिया) नि अदिस अबाबाला (इथिओपिया) चकरा असतील असं साहेब म्हणाले. बायको आणि मुलगा (सहा वर्षांचा) तीन महिन्यांनी येतील. तर भाषा कुठली शिकून जाऊ? ऑफिसात विचारलं तर म्हणे इंग्लिश चालतं, बाकी 'लोकल बोलीं'च्या भानगडीत पडू नको. मामा म्हणतो स्वाहिली शिक, अख्ख्या आफ्रिकेत चालते. यूट्यूबवर 'आफ्रिकन लँग्वेज' टाकलं तर इतक्या निघाल्या की मोबाईल बंद करून झोपलो. एक ॲप घेतलंय, त्याच्या पहिल्या धड्यात हत्ती पाणी पितोय आणि मला मागायचाय वॉशर. कोणी राहून आलेलं असेल तर सांगा, तिन्हीकडे चालेल अशी एखादी असेल तर बरंच.

खाडीपलीकडची
तिन्हीकडे चालेल अशी नाही. मामांना सांगा, स्वाहिली टांझानियात सगळीकडे, केनियात बऱ्यापैकी, युगांडा आणि काँगोच्या पूर्व भागात चालते, लागोसला मात्र तिचा उपयोग म्हणजे नाशिकात पोर्तुगीज बोलण्याइतकाच. पण राहणार दारला ना, मग स्वाहिलीच, आणि आजपासूनच सुरू करा, मी नऊ वर्षं काढलीत तिथं. इंग्लिश ऑफिसात चालतं, पण फिटर, हेल्पर, भाजीवाली, बोडाबोडावाला (मोटरसायकल टॅक्सी म्हणा), सगळ्यांशी स्वाहिलीच. आणि गंमत म्हणजे मराठी माणसाला निम्मे शब्द आधीच येत असतात. पैसा म्हणजे पेसा, विमा म्हणजे बीमा, गाडी म्हणजे गारी, लाख म्हणजे लाकी (घरभाडं लाकीतच सांगतात, घाबरू नका, शिलिंग आहेत), चहा चाय, चपाती चपाती, कोशिंबिरीला काचुंबारी. तारीख, वकील, हिशेब, सही, कलम हे तर तारेहे, वाकीली, हेसाबू, साहीही, कालामू असे भेटतील. आपल्याकडे हे शब्द सुलतानांच्या दरबारातून आले आणि तिकडे अरबांच्या गलबतांतून. पेरूला पेरा म्हणतात, अनेक असले की मापेरा. आमच्या गोव्याच्या शेजारणीला बाजारात रडू यायचं, त्यांच्याकडे पेर म्हणतात ना.

आता धोक्याची जागा. तिकडे दादा म्हणजे ताई आणि काका म्हणजे दादा, म्हणजे भाऊ. बाबू म्हणजे आजोबा, बीबी म्हणजे आजी. आमच्या घरी कामाला येणाऱ्या मुलीला सगळे दादा म्हणायचे आणि माझे सासरे पुण्याहून आले तेव्हा दोन दिवस त्यांना वाटत होतं घरात कुणी दादागिरी करणारा इसम येऊन बसतोय. मुलाला मात्र पटकन जमेल, लहान मुलं अशा गोष्टीत आपल्यासारखी अडखळत नाहीत.

मोठ्या माणसाला भेटल्यावर हॅलो नको, 'शिकामो' म्हणायचं, ते 'माराहाबा' म्हणतात. हे मुलाला विमानातच पाठ करून घ्या. आपल्याकडे वाकून नमस्कार करणारं पोर जसं सगळ्यांना आवडतं तसंच. आणि कामाचं बोलायच्या आधी हाबारी विचारायची (आपली खबरच ती), घरची हाबारी, कामाची हाबारी, प्रवासाची हाबारी, मग वॉशर. थेट वॉशर मागितलात तर वॉशर मिळेल, पण पुढच्या वेळी उशिरा मिळेल.

कट्ट्यावरचा_बंडू
एवढं कशाला डोक्याला ताप. इंग्लिश आणि थोडं फ्रेंच आलं की आफ्रिका झाली. ते दोन हजार भाषा वगैरे आकडे ऐकायला बरे, त्यातल्या अर्ध्याअधिक बोलीच असणार, आपल्या अहिराणी-मालवणीसारख्या.

लागोसहून_परत
बंडूशेठ, माफ करा पण नाही. मी पाच वर्षं लागोसला होतो, जनरेटरच्या लाइनीत. एकट्या नायजेरियात पाचशेच्या वर भाषा आहेत, आणि मोठ्या तीन घेतल्या, हौसा, योरुबा, इग्बो, तर हौसा आणि योरुबात मराठी-तमिळसारखं अंतर आहे, कुटुंबंच वेगळी. हौसा ही अरबी, हिब्रू, इथिओपियातली अम्हारिक यांची लांबची नातेवाईक. 'बोली' हा शब्द ज्यानं तिथं पहिल्यांदा वापरला तो साहेब होता आणि त्याला त्यातली एकही येत नव्हती, आपल्या ऑफिसातले लोक तोच शब्द अजून चालवतायत.

माझा ड्रायव्हर, शाळा आठवीपर्यंत. आईची भाषा इग्बो, लागोसला वाढला म्हणून योरुबा फाडफाड, आधी उत्तरेकडे कानोत ट्रक चालवलेला म्हणून हौसा, माझ्याशी इंग्लिश आणि पोलिसाशी पिजिन (इंग्लिश शब्दांवर उभी तिथली बाजारभाषा). मी इंजिनियर, मराठी-हिंदी-इंग्लिशवर थांबलेला आणि त्याच्या शेजारी बसून ऐटीत 'मल्टिलिंग्वल' म्हणवून घेत होतो. तिकडे चार भाषा येणं हे कौतुक नाहीच, सायकल येण्यासारखं आहे.

योरुबाबद्दल एकच सांगतो. 'ओको' हा एक शब्द घ्या. सूर सपाट ठेवला तर नवरा, शेवट वर नेला तर कुदळ, शेवट खाली पाडला तर गाडी. मी ऑफिसातल्या बाईंना एकदा विचारलं की तुमचा नवरा कुठे पार्क केलाय, अख्खा मजला हसला, त्या सगळ्यात जास्त. तेव्हापासून मी पिजिनवर आलो, तुम्हीही लागोससाठी तेच करा. दिसायला इंग्लिश, पण इंग्लिश समजून बोललात तर फसाल. 'हाऊ यू डे' ला 'आय डे', बस, म्हणजे आहे, बरा आहे. वाहाला म्हणजे कटकट, नो वाहाला म्हणजे काही हरकत नाही, ओगा म्हणजे साहेब, वेटिन म्हणजे काय. बीबीसीनं २०१७ पासून पिजिनमधून बातम्या चालू केल्यात, त्या वाचा, दोन आठवड्यांत कान तयार होतो. आणि हे लक्षात ठेवा, फिटर 'आय डे कम' म्हणून उठला तर तो येत नाहीये, जातोय. आपण नाही का निघताना 'येतो' म्हणत, अगदी तसं! पहिल्या महिन्यात माझे साहेब 'कमिंग' म्हणून गेलेल्या माणसाची वाट बघत बसायचे, मी एकटाच समजलो होतो, मराठी असल्याचा तेवढा एक फायदा.

फ्रेंचचं म्हणाल तर ते कुठं चालतं ते बरंचसं युरोपातल्या साहेबांनी आपसात आफ्रिका वाटून घेतली त्यातून आलं. हौसा लोक नायजेरियात आहेत नि शेजारच्या नायजरमध्येही, घरात भाषा एकच, पण सरकारी कागद अलीकडे इंग्लिशमध्ये, पलीकडे फ्रेंचमध्ये. बाजारात दोघं हौसातच भाव करतात.

कट्ट्यावरचा_बंडू
बरं बाबा, बोली शब्द मागे घेतो. पण अहिराणीवाल्यांनी पण आता मला धरू नये, आजोळ धुळ्याचं आहे.

फळा_आणि_खडू
अदिसबद्दल मी लिहिते, यजमान तिथल्या एका कॉलेजात शिकवायचे, चार वर्षं होतो. तिथं अम्हारिक. स्वाहिली नाही, पिजिन नाही, आणि ड्रायव्हर-दुकानदारांशी इंग्लिश बेताचंच. पण मला एक गोष्ट इतकी आवडली की अजून वहीत जपून ठेवलीय, ती म्हणजे त्यांची लिपी. रोमन नाही, स्वतःची आहे, फिदेल म्हणतात, आणि ती चक्क बाराखडीसारखी चालते! आपण कसं क का कि की करतो तसं तिकडे प्रत्येक व्यंजनाची सात रूपं, ल घेतला तर साधारण लअ, लु, ली, ला, ले, ल्, लो. फरक एवढाच की आपल्या काना-मात्रा वेगळ्या दिसतात आणि त्यांच्यात अक्षरालाच कुठे पाय फुटतो, कुठे कडी लागते. शाळेच्या भिंतीवर तो तक्ता बघितला आणि मला पहिलीतली अंकलिपी आठवली. शेजारच्या मुलीबरोबर बसून तीन आठवड्यांत दुकानांच्या पाट्या वाचायला लागले, अर्थ कळायचा नाही पण वाचायची, आणि दुकानदार बाहेर येऊन बघायचे ही कोण बाई मोठ्यानं त्यांची पाटी वाचतेय.

आणि अम्हारिक म्हणजे अख्खा इथिओपिया असंही समजू नका. ऐंशीच्या वर भाषा आहेत, आईची भाषा म्हणून ओरोमो बोलणारे अम्हारिकपेक्षा जास्त, आणि ओरोमो रोमन लिपीत लिहितात, त्यामागं मोठं राजकारण आहे. ओळख नसताना कुणाशी ह्यावर गप्पा मारू नका. कॉफीला बोलावलं तर मात्र जा, तीन फेऱ्या होतात, तिसरीला बराका म्हणतात, म्हणजे आपली बरकत. दुसऱ्या कपावर उठलात तर यजमानीण नाराज.

शब्दपारखी
भाषाशास्त्राचा विद्यार्थी होतो, म्हणून राहवत नाही. खंडभरात साधारण दोन हजार, म्हणजे जगातल्या भाषांच्या जवळपास एक तृतीयांश. त्यातला मोठा गठ्ठा नायजर-काँगो कुटुंबाचा आणि बांटू त्याची एक फांदी. माणसं म्हणायला स्वाहिलीत वातू, दक्षिणेकडच्या झुलूत अबांतू, शोनात वान्हू, त्यावरूनच 'बांटू' हे नाव. नाशिककरांना स्वाहिलीत अडेल ते इथं. आपण 'मोठं पुस्तक पडलं, मोठी पुस्तकं पडली' म्हणताना शब्दांच्या शेपट्या बदलतो ना, तिकडे डोकी बदलतात. किताबू कीकूब्वा कीमेआंगूका, अनेक झाली की वीताबू वीकूब्वा वीमेआंगूका. आता किताब हा अरबी शब्द, त्यातला 'कि' मुळातलाच, पण यांनी तो स्वतःचा प्रत्यय समजून अनेकवचनात वीताबू केलं. त्याहून भारी म्हणजे रस्त्यावरचा गोल चौक, त्याला 'कीप लेफ्ट'च्या पाटीवरून किपिलेफ्ती म्हणतात आणि अनेक चौक असले की विपिलेफ्ती. ह्या एका शब्दात बांटू व्याकरण शिकून होतं.

क्लिकबद्दल कुणीच लिहिलं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू-खोसा भाषांत जिभेचे जे टकटक आवाज येतात त्यांना लोक हसतात, पण आपणही काढतो की. कुणाचं वाईट झालं की जीभ दातामागे ओढून 'च्च च्च' करतो, चुकचुकतो, तो खोसातल्या सी (c) अक्षराचा आवाज. गालाच्या कडेनं बैल हाकायचा आवाज तो एक्स (x). आपल्याकडे ते हळहळीला नि बैलाला, तिकडे शब्दात बसवलेत, 'खोसा' नावातलं पहिलं अक्षरच बैल हाकायचं. टांझानियातही हाडझा आणि संदावे या दोन लहान भाषांत क्लिक आहेत. आणि बांटू, मसाईसारख्या निलोटिक, इराक्वसारख्या कुशिटिक, ही सगळी वेगवेगळी भाषाकुटुंबं त्याच देशात, उत्तर-मध्य भागात एका दिवसाच्या गाडीप्रवासात. मादागास्करची मलागासी तर आफ्रिकेतल्या कुणाची नातेवाईकच नाही, तिची भावंडं बोर्निओत, इतका समुद्र ओलांडून आलेली.

बेटावरून
मध्येच बोलतो, मी मॉरिशसचा, तेही आफ्रिकेतच धरतात. आमचे पूर्वज कोकणातून आले उसाच्या मळ्यात. मराठी शाळेत शिकलो म्हणून हे लिहू शकतो, गणपतीला सुट्टी असते, आरत्या सगळ्या पाठ, पण घरात आई-बाबांशी क्रिओलच (फ्रेंचवरून घडलेली इथली भाषा). चुका झाल्या तर समजून घ्या.

खाडीपलीकडची
चुका कसल्या, आमच्या पुण्यातल्या भाच्यापेक्षा शुद्ध लिहिलंत. तुमच्यावरून आठवलं, दारलाही असंच होतंय. माझ्याकडे यायची ती दादा सुकुमा जमातीची, मूळची म्वांझाकडची, नवरा चग्गा जमातीचा, किलिमांजारोच्या पायथ्याचा. दोघांच्या आयांना एकमेकींचं अक्षर कळायचं नाही. हे दोघं स्वाहिलीत भेटले, स्वाहिलीत लग्न केलं, पोरं फक्त स्वाहिली बोलतात. पहिले राष्ट्रपती न्येरेरे, त्यांनी देश एकत्र बांधायला स्वाहिली धरली आणि ते जमलं, शेजाऱ्यांसारखी जमातीजमातींत रक्तपातापर्यंत गेलेली भांडणं तिथं फारशी झाली नाहीत, पण त्या पोरांना गावच्या आजीशी बोलायला आई दुभाषी लागते. मी कुणाला चूक म्हणणार, माझी स्वतःची मुलगी मराठीत उत्तर देत नाही.

नाशिकचा_पाऊस
बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. ठरवलंय, दारसाठी स्वाहिली नीट, लागोससाठी पिजिनच्या बातम्या, अदिससाठी तक्ता छापून भिंतीवर. मुलानं शिकामो शिकलंय आणि काल वॉचमनकाकांनाही म्हणाला. बायकोचा प्रश्न आहे की दादा म्हणजे ताई असेल तर माझ्या भावाला तिकडे काय हाक मारायची, त्यावर अजून चर्चा चालू आहे. तातडीचा एक प्रश्न, तिकडच्या घरमालकाचा मेसेज आलाय, पोचल्यावर दुसऱ्या दिवशी घर बघायला 'साआ न्ने' ला या. ॲपमध्ये न्ने म्हणजे चार दाखवतंय. दुपारी चारला जाऊ ना?

खाडीपलीकडची
अजिबात नको! हे सांगायचंच राहिलं बघा. तिकडे दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. मी पहिल्याच आठवड्यात 'साआ तातू' ऐकून दुपारी तीनला गॅसवाल्याची वाट बघत बसले होते, तो बिचारा सकाळी नऊला येऊन बेल वाजवून गेला होता.

फळा_आणि_खडू
अदिसलाही हेच घड्याळ, आणि कॅलेंडरही सातआठ वर्षं मागे, महिने तेरा. भेटीची वेळ दोनदा विचारत जा.

खाडीपलीकडची
मेसेजमध्ये पुढे 'असुबुही' लिहिलंय का बघा. असेल तर सकाळी दहा. 'उसीकू' असेल तर रात्री दहा, मग घरमालकच बदला.