विषय: एमजीबीसाठी कुठलं मॅन्युअल घ्यावं?

प्रेषक: नंदू (कँटन, मिशिगन)

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या जेवणाच्या यादीत भलताच विषय घुसडतोय, रागावू नका. गेल्या महिन्यात मी एक १९६९ची एमजीबी रोडस्टर घेतली, कापडी छपराची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. हिरवी आहे, म्हणजे रंग जिथे उरलाय तिथे. घरी यावर काय संवाद झाला ते लिहीत नाही.

क्लच दाबला की लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येतो. शेजारी म्हणतो, इंजिनच उतरवावं लागेल. मी पुण्यात असताना स्कूटर खोलायचो, त्यानंतर हातात पाना धरलेला नाही. नेटवर तीन पुस्तकं दिसतात: हेन्स प्रकाशनाचं, कारखान्याचं मूळ वर्कशॉप मॅन्युअल आणि बेंटली प्रकाशनाचं जाडजूड. तिन्ही घ्यायला परवानगी नाही. एकच घ्यायचं तर कुठलं?

नंदू

---

प्रेषक: अण्णा (ट्रॉय)

नंदू,

पुस्तक नंतर. आधी बॉनेट उघड आणि इंजिनाच्या उजव्या अंगाला, डिस्ट्रिब्यूटर आहे त्या बाजूला, ब्लॉकवर एक छोटी पट्टी ठोकलेली असते ती वाच. चिंधीवर रॉकेल घेऊन पुसावी लागेल.

का सांगतो. एमजीबी इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० बनत होती. रस्त्यावरून जाताना सगळ्या बहिणी-बहिणी दिसतात, पण आत हात घातला की कळतं. १९६४च्या शेवटापर्यंत क्रँकला तीन मेन बेअरिंग, मग पाच. १९६७पर्यंत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला आणि डायनॅमो. त्यानंतर निगेटिव्ह टोक बॉडीला आणि अल्टरनेटर. त्याच सुमारास पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (दाते न घासता गिअर पडायची सोय) आला, म्हणजे गिअरबॉक्सच वेगळा. पुढे १९७४ला ते काळे रबरी बंपर, आणि १९७५पासून अमेरिकेच्या गाड्यांना दोन एसयू कार्ब्युरेटरांच्या जागी एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर. त्यामुळे कुठलंही मॅन्युअल घे, दर दोन पानांनी ‘अमुक नंबरच्या पुढच्या गाड्यांना’ असं येणारच. तुझा नंबर तुला माहीत नसेल तर पुस्तक मुकं आहे.

आता पुस्तकं. बेंटलीच्या १९६२ ते १९७४च्या खंडात कारखान्याचं वर्कशॉप मॅन्युअल आहेच, शिवाय मालकाला गाडीबरोबर मिळायचं ते हँडबुक आणि ट्यूनिंगचं पुस्तक एकाच बाइंडिंगमध्ये. मग कारखान्याचं वेगळं कशाला घ्यायचं? माझं मत बेंटली.

एक सावधगिरी. ते पुस्तक डीलरकडच्या तयार मेकॅनिकसाठी लिहिलंय. ‘हब ओढून काढा’ म्हणतं आणि पुढे हत्याराचा नंबर देतं. ही कंपनीची हत्यारं १८जीने सुरू होतात आणि एमजीबीच्या पहिल्या इंजिनाचा नंबरही १८जीनेच. मी एक अख्खी संध्याकाळ ‘हे माझ्या इंजिनाला लागू आहे का’ म्हणत बसलो होतो. ते इंजिन नव्हे, पुलर होता, हब ओढायचं हत्यार.

भाषेची चिंता करू नकोस, उलट आपण पुढे आहोत. माझा अमेरिकन मित्र ‘हूड’ वाचतो आणि बॉनेटकडे जातो. इंग्रजांचा हूड म्हणजे वरचं कापडी छप्पर. ‘पॅराफिनने धुवा’ वाचून तो मेणबत्त्या शोधत होता. ते आपलं रॉकेल. गजन पिन, सायलेन्सर, स्प्लिट पिन हे सगळं आपल्याकडच्या गॅरेजात पोरंसोरं बोलतात.

आणि घरचंच इंजिन आहे रे ते. ॲम्बॅसडरमध्ये जे १४८९ सीसीचं होतं ते बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी-सिरीज, एमजीबीचं १७९८ सीसीचं त्याच घरातलं. माझे वडील ॲम्बॅसडरच्या टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावताना मला बाजूला उभं करून विचारायचे, ‘आठवा व्हॉल्व्ह दाबलाय, कुठला सेट करायचा?’ उत्तर पहिला. सहावा दाबला असेल तर तिसरा, सातवा असेल तर दुसरा. बेरीज नऊ. मॅन्युअलात याचा आठ ओळींचा तक्ता आहे, वडिलांना दोन शब्द पुरायचे.

अण्णा

---

प्रेषक: ताई (नोवी)

अण्णा, तुम्हाला वडील होते. नंदूला कोण आहे? त्याला पहिलं पुस्तक हेन्सच.

नंदू, माझी १९७२ची जीटी, म्हणजे पक्क्या छपराची एमजीबी आहे, अकरा वर्षं मीच बघते. हेन्सवाले स्वतः गाडी खोलतात, फोटो काढतात आणि मग लिहितात. जॉन हेन्सनी १९६६ साली पहिलं मॅन्युअल ऑस्टिन-हीली स्प्राइटचं काढलं ते याच पद्धतीने. त्यामुळे एक जॅक, दोन स्टँड आणि एक कंटाळलेला मित्र एवढ्यावर काय होऊ शकतं ते त्यात कळतं. काळे डाग पडले तरी जीव जळत नाही. हो, ‘जोडणी उलट क्रमाने करावी’ हे त्यांचं वाक्य वाचून हसायचं की रडायचं ते त्या दिवशीच्या बोटांवर अवलंबून.

बेंटली जरूर घे, पण ते घरात ठेव. नटाला किती टॉर्क ते रात्री बघून कागदावर लिहून गॅरेजात ने. सिलिंडर हेडचे नट ४५ ते ५० पाउंड-फूट, असं मोठ्या अक्षरात. पाने इंची आण. अर्ध्या इंचाच्या नटाला १३चा मेट्रिक बसतो खरा, पण सैल. घट्ट नटावर डोकं गोल करून ठेवतो.

माझा खरा विषय वायरिंग. छापील आकृत्या काळ्या-पांढऱ्या आणि रंगांच्या जागी अक्षरं. ‘एन’ म्हणजे ब्राउन, कारण ‘बी’ ब्लॅकने पळवलं. तसंच ‘यू’ म्हणजे ब्लू. मी ते पान मोठं करून छापलं आणि मुलीच्या रंगपेट्या घेऊन बसले. ब्राउन म्हणजे बॅटरीतून थेट, पांढरी इग्निशननंतरची, हिरवी त्याच्यापुढे फ्यूजमधून आलेली, काळी अर्थिंगची. एवढ्या चार पाठ झाल्या की अर्धी गाडी वाचता येते. मात्र आकृती तुझ्याच सालाची हवी. १९६८च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या गाड्यांना ब्रेकचं दुहेरी सर्किट आलं. इंग्लंडच्या गाडीची आकृती बघून ब्रेक खोलू नकोस.

आणखी एक फुकटातलं: मॉस मोटर्सचा पार्ट्सचा कॅटलॉग मागव. सुटे भाग हवेत तरंगत असल्यासारखी चित्रं असतात. कुठला वॉशर कुणाच्या आधी, हे मला कुठल्याही मॅन्युअलपेक्षा तिथे लवकर सापडतं.

ताई

---

प्रेषक: नंदू

पट्टी पुसली. १८व्ही!! ताई, तुमच्या गाडीचं इंजिन ना ते? कागदांवर तर १९६९ आहे. फसवलं का मला?

---

प्रेषक: अण्णा

फसवलं नाही, कुणीतरी मधे इंजिन बदललंय. पन्नास वर्षांच्या गाडीत हे व्हायचंच. १८व्ही १९७१च्या पुढचं. त्यापुढचे तीन आकडे सांग. ७९७ असेल तर इंजिन १९७५च्या मॉडेलपासूनचं, आणि मी सांगितलेला खंड इंजिनासाठी कामाचा नाही, त्याच्या पुढचा लागेल.

कार्ब्युरेटरही बघ. इंधनाची वाटी बाजूला लटकलेली असेल तर एसयूचे जुने एचएस, वाटी वेगळी दिसतच नसेल तर त्यांचेच नंतरचे एचआयएफ.

---

प्रेषक: नंदू

६७२. वाट्या बाजूला आहेत.

---

प्रेषक: अण्णा

मग सुटलास. इंजिन १९७४पर्यंतचं, कार्ब्युरेटर तुझ्या मूळ गाडीचे. एकाच खंडात सगळं आहे. इंजिनाची मापं १८व्हीच्या रकान्यातून, गिअरबॉक्सची १९६९च्या. पहिल्या कोऱ्या पानावर हे पेन्सिलीने लिहून ठेव, पुढच्या मालकाला दुवा मिळेल.

ताईचंही ऐक. हेन्स जुनं, वापरलेलं घे, त्यावर आधीच्या माणसाचे ग्रीसचे ठसे असतील तर उत्तम. जे पान सर्वांत काळं ते काम सर्वांत वारंवार निघतं.

क्लचला शेजारी म्हणतो ते खरं, इंजिन उतरवावंच लागतं. रिलीज बेअरिंग म्हणजे कार्बनची चकती असते, सिग्नलला पाय क्लचवर ठेवून उभं राहिलं की झिजते. ती झिजून धातू टेकला असणार. नवी टाकल्यावर सिग्नलला न्यूट्रल करायचं, हे कुठल्या पानावर आहे ते मला आठवत नाही. इंजिन उचलायची क्रेन माझी घे. ती मंडळाच्या स्टोरेजमध्ये आहे, मखराच्या मागे.

---

प्रेषक: सेक्रेटरी

अच्छा, ते अवजड लोखंड तुमचं होय! तीन वर्षं आम्ही ते लेझीमवाल्यांचं समजून जपतोय. नंदू, शनिवारी दहाला किल्ली घेऊन येते. क्रेन काढण्याआधी मखर बाहेर काढावं लागेल, तर चार माणसं आण. आणि जेवणाच्या यादीत तुझ्या नावापुढे अजून काहीच नाही. मसालेभात लिहू का?