वर्डप्रेसच्या ड्रॉपडाउनमधून काही कॅटेगरी लपवायच्या आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा डोंगरात जातो. त्या भटकंतीच्या नोंदी ठेवायला वर्डप्रेसवर साइट आहे, होस्टिंग स्वतःचं. बाजूच्या पट्टीत कॅटेगरींचा ड्रॉपडाउन आहे: किल्ले, घाटवाटा, देवराया, लेणी आणि सगळ्यात शेवटी हिशोब.

या 'हिशोब'चंच दुखणं आहे. गाडीत डिझेल कोणी भरलं, तांदूळ-बटाटे कोणी आणले, कोणाकडून किती येणे, हे सगळं तिथे. ग्रुपच्या लोकांना लिंक पाठवली की त्यांचं काम होतं. नाणेघाटाची वाट शोधत आलेल्या माणसाला ते कशाला दिसायला हवं? विजेटच्या (पट्टीत ड्रॉपडाउन दाखवणाऱ्या तुकड्याच्या) सेटिंगमध्ये मात्र ड्रॉपडाउन, पोस्टची संख्या, उतरंड (उपकॅटेगरी मूळ कॅटेगरीखाली दाखवणं) अशा मोजक्याच गोष्टींवर टिक करता येते. अमुक कॅटेगरी वगळा, असं काही नाही.

आतापर्यंत केलेले उद्योग:

आधी सीएसएस, म्हणजे पान कसं दिसेल ते ठरवणारा कोड. कॅटेगरी एडिट करायला उघडली की वरच्या पत्त्यात 'टॅग आयडी'पुढे तिचा नंबर दिसतो. आमच्या हिशोबाचा १७. त्या नंबरच्या ऑप्शनला 'डिस्प्ले नन' (दाखवू नको) दिलं. माझ्या फोनवर क्रोममध्ये गायब! खूश होऊन मेव्हण्याला दाखवायला गेलो, तर त्याच्या आयफोनवर हिशोब जागच्या जागी.

मग चाइल्ड थीमच्या (मूळ थीमला धक्का न लावता बदल करायच्या जोड-थीमच्या) फंक्शन्स फाइलमध्ये 'विजेट कॅटेगरीज ड्रॉपडाउन आर्ग्ज' हा फिल्टर (वर्डप्रेसच्या कामात मध्येच बदल करायची सोय) लावून 'एक्स्क्लूड'मध्ये, म्हणजे वगळायच्या यादीत, १७ घातला. पहिल्यांदा एक अर्धविराम खाल्ला आणि अख्खी साइट बंद पडली, ती रात्री साडेअकराला होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून निस्तरली. आता एरर नाही, पण फरकही शून्य. कॅशे दोनदा साफ केली. कुठे चुकतंय?

ताकभात:
कोड बरोबर असणार. तुमचं विजेट जुनं आहे की ब्लॉक? वर्डप्रेस ५.८ मध्ये, म्हणजे जुलै २०२१ ला, विजेटच्या पानावर ब्लॉक (पोस्ट लिहिताना वापरतो तसले तुकडे) आले. तुम्ही म्हणताय तो फिल्टर फक्त जुन्या विजेटच्या पोटात आहे. कॅटेगरीचा ब्लॉक त्या वाटेने जातच नाही, थेट ड्रॉपडाउन बनवतो. म्हणून एररही नाही आणि फरकही नाही. जुनं विजेटचं पान परत आणणारं 'क्लासिक विजेट्स' प्लगइन टाका, ब्लॉक काढा, जुनं विजेट लावा. कोडला हात लावू नका.

खिडकीतला:
आणखी एक. शोधाशोध केलीत तर कोणीतरी 'गेट टर्म्स आर्ग्ज' हा फिल्टर सुचवेल. त्याच्या नादी लागू नका. त्याने कॅटेगरी ड्रॉपडाउनमधूनच नाही, सगळीकडूनच उडते. अॅडमिनमध्ये चालू नको अशी अट घातली तरी ब्लॉक एडिटर (पोस्ट लिहायचं पान) कॅटेगरी रेस्ट एपीआयमधून, म्हणजे अॅडमिनबाहेरच्या वेगळ्या वाटेने, मागवतो, तिथे ती अट लागू होत नाही. मग नवीन पोस्ट लिहिताना टिक करायला 'हिशोब'च सापडत नाही. मी अर्धा दिवस घालवलाय यात.

धागाकर्ता:
ताकभात, ब्लॉकच होता! प्लगइन टाकलं, जुनं विजेट लावलं आणि हिशोब गेला, आयफोनवरूनसुद्धा. पण आता नवीनच गंमत. हिशोबाच्या पोटात '२०२३ वर्गणी' आणि '२०२४ वर्गणी' अशा दोन उपकॅटेगरी होत्या. बाप गेला आणि ही दोन पोरं यादीच्या तळाशी येऊन उभी राहिली, तीही 'लेणी'च्या रांगेत, समास न सोडता.

ताकभात:
हाहा. 'एक्स्क्लूड' फक्त त्या एका नंबरला वगळतो. उतरंड चालू असली की ज्यांचा बाप यादीत नाही त्यांना वर्डप्रेस टाकून देत नाही, शेवटी वरच्या पातळीवर छापतो. 'एक्स्क्लूड'च्या जागी 'एक्स्क्लूड ट्री' लिहा, नंबर तोच. पोराबाळांसकट जाईल. पुढे २०२५ ची काढलीत तरी कोड बदलायला नको.

धागाकर्ता:
झालं! आता चारच उरल्या. लय आभार.

खिडकीतला:
धागा बंद करण्याआधी: यादीतून काढली म्हणजे कुलूप लागलं असं नाही. कॅटेगरीचा पत्ता कोणीही उघडू शकतं. शिवाय ५.५ पासून वर्डप्रेस स्वतः साइटमॅप (सर्च इंजिनसाठी साइटवरच्या पत्त्यांची यादी) बनवतं, त्यात कॅटेगरीही असतात. म्हणजे गुगलला तुमच्या ड्रॉपडाउनची गरजच नाही. त्या पोस्टमध्ये खासगी काही असेल तर पोस्टलाच पासवर्ड लावा.

धागाकर्ता:
अरे देवा. २०२३ च्या एका पोस्टमध्ये सगळ्यांचे यूपीआय आयडी आहेत, मोबाईल नंबरसकट. आलोच.