सेफ्टी ऑफिसरला रीतसर कमी कसं करायचं?

रबाळे_एचआर: टीटीसीत (नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात) इंजिनीअरिंग युनिट, 620 कामगार, घातक प्रक्रिया नाही. सेफ्टी ऑफिसर जागेवर न जाताच वर्क परमिटवर (धोक्याचं काम सुरू करायच्या परवानगीवर) सह्या करतो. दोन मेमो दिलेत. मालकांचं म्हणणं, 1000 कामगारांच्या खाली हे पद सक्तीचं नाही, पदच रद्द करा, महिन्याचा पगार द्या. चालेल का?

ठाणेकर_कामगारकायदा: तो आकडा फॅक्टरीज अ‍ॅक्टच्या कलम 40-बी मधला. 21 नोव्हेंबर 2025 पासून ओएसएच कोड (कामाच्या जागची सुरक्षा, आरोग्य यांची नवी संहिता) लागू आहे. त्याच्या कलम 22 नुसार 500 किंवा जास्त कामगार असले की सेफ्टी ऑफिसर लागतोच, घातक प्रक्रियेला 250. 'पद अतिरिक्त' म्हणून काढलंत आणि त्याच जागी दुसरा नेमलात, की तुमचेच कागद तुमच्याविरुद्ध. माणूस बदलता येतो, पद नाही.

महापे_सेफ्टी: खरं कारण गैरवर्तन आहे ना? मग चार्जशीट (आरोपपत्र) द्या. परमिट नंबर, तारीख, वेळ, जागा लिहा; 'कामात हलगर्जी' असं मोघम लिहिलं की आरोप टिकत नाही. त्याच वेळेचं गेट रजिस्टर आणि सीसीटीव्ही फुटेज आजच काढून ठेवा, नंतर रेकॉर्डिंग पुसलं जातं. चौकशी अधिकारी तक्रारदार किंवा साक्षीदार नको. उलटतपासणी होऊ द्या, अहवालाची प्रत देऊन म्हणणं मागवा, मगच आदेश. आणि एक बघाच: मेमोच्या आधी त्याने एखादं काम थांबवलं होतं का, किंवा धोक्याबद्दल वर लिहिलं होतं का? असेल तर ही कारवाई सूड म्हणून वाचली जाईल.

रबाळे_एचआर: एक क्रेनचं काम थांबवलं होतं, पण पहिल्या मेमोनंतर. राजीनामाच लिहून घेतला तर?

ठाणेकर_कामगारकायदा: दडपणाखालचा राजीनामा चौकशीपेक्षा महाग पडतो. मेमो आधीचा असेल तर तारखांचा क्रम चार्जशीटमध्येच मांडा. तो कायद्याने 'वर्कर' ठरतो का, म्हणजे कामगार म्हणून संरक्षण मिळतं का, हे हुद्द्यावरून नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरतं. पर्यवेक्षकाचं काम असेल आणि पगार महिना 18,000 च्या वर असेल तर तो 'वर्कर' नाही. महाराष्ट्राचे 1982 चे सेफ्टी ऑफिसर नियमही नेमणूकपत्राशेजारी ठेवून वाचा.

महापे_सेफ्टी: आदेशाआधी पात्र बदली शोधा, एक दिवसही जागा रिकामी नको. चालू परमिट, ऑनसाइट इमर्जन्सी प्लॅन, सेफ्टी कमिटीची इतिवृत्तं सहीनिशी ताब्यात घ्या. काढल्यावर वेतनाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत, ग्रॅच्युइटी 30 दिवसांत. ग्रॅच्युइटी अडवून धरू नका. ती जप्त करायची कारणं कायद्यात मोजकीच आहेत.