एन्क्लेक्सचे प्रायोरिटीचे प्रश्न: सॅच्युरेशन ९० वाले आजोबा आधी की मुंग्या येणारी बाई?

सातरस्ता_सिस्टर

नमस्कार, मी सोलापुरातच बीएस्सी नर्सिंग केलंय, सध्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या सर्जिकल वॉर्डला आहे आणि ड्युटी सांभाळून एन्क्लेक्स आरएनची, म्हणजे अमेरिकेत नर्स (आरएन) म्हणून काम करायला लागणाऱ्या परवाना परीक्षेची तयारी चाललीय. थिअरी होते हो वाचून, पण "कोणाला आधी बघाल" टाईप प्रश्न आला की रूमवर नुसती भांडणं. कालचाच घ्या. शिफ्ट सुरू झालीय, चार पेशंट. सीओपीडीचे (फुप्फुसाचा जुनाट आजार) आजोबा २ लिटर ऑक्सिजनवर, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९० टक्के. थायरॉइड काढून दुसरा दिवस असलेली बाई, म्हणतेय तोंडाभोवती मुंग्या येतायत. पॅन्क्रिएटायटिसचा (स्वादुपिंडाला सूज) माणूस, दुखणं १० पैकी ८. आणि शुगर २६० वाला, इन्सुलिन द्यायचं बाकी. मैत्रीण म्हणते एबीसी (एअरवे म्हणजे श्वासमार्ग, मग ब्रीदिंग, मग सर्क्युलेशन) लाव, श्वास आधी, म्हणजे आजोबा. मला बाई वाटते पण का ते धड सांगता येईना. नेमकं कसं ठरवता तुम्ही लोक? आणि ते एलपीएन (तिथली आरएनच्या हाताखालची नर्स), यूएपीला (लायसन्स नसलेले मदतनीस) काय काम द्यायचं तेही डोक्यात बसत नाहीये, आपल्याकडे तशी पदंच नाहीत.

आयसीयू_नाईटवाली

बाईच गं. एबीसी म्हणजे ज्याच्या नावापुढे फुप्फुस लिहिलंय तो पहिला असं नव्हे ना. सीओपीडीला ८८ ते ९२ हेच टार्गेट असतं, म्हणजे आजोबा त्यांच्या हिशोबाने बरे आहेत, उलट उगाच ऑक्सिजन वाढवलास तर CO₂ चढेल. पॅन्क्रिएटायटिसला दुखणारच, ते बिचारं तळमळतंय पण त्यात नवीन काही नाही, आणि २६० शुगर दहा मिनिटं थांबते. बाईचं बघ आता. थायरॉइडसोबत पॅराथायरॉइडला (कॅल्शियम सांभाळणाऱ्या बाजूच्या ग्रंथी) धक्का लागला की कॅल्शियम पडतं, आधी मुंग्या, मग हातपाय आखडणं आणि वेळ गेली तर लॅरिंगोस्पाझम, म्हणजे घसा आवळून एअरवे बंद. तुझी एबीसीच आहे ती, फक्त अजून दिसायला लागलेली नाही. गेल्या गेल्या आवाज बसलाय का, स्ट्रायडॉर (श्वास घेताना घशातून कर्कश आवाज) आहे का बघ, श्वोस्टेक ट्रूसो (कॅल्शियम कमी झाल्याच्या खुणा) बघ, कॅल्शियम ग्लुकोनेट इंजेक्शन आणि ट्रॅकिओस्टॉमी सेट (गळ्यातून श्वासाची वाट करायचं सामान) जवळ पाहिजे. मी प्रत्येक ऑप्शनला एवढंच विचारते की या आजारात हे होणारच होतं का, आणि आत्ता गेले नाही तर अर्ध्या तासात हा पेशंट कुठे असेल.

कॅज्युअल्टी_ब्रदर

ताईंचं बरोबर आहे. मी जरा आपल्या गावचं उदाहरण देतो म्हणजे लक्षात राहील. मे महिना, दुपारी २ वाजता तिघे एकदम आले समजा. एक पोरगं, डोकं फुटलंय, फडकं दाबून धरलंय, रक्त थांबत आलंय पण बोंब अशी की अख्खं हॉस्पिटल गोळा. एक यंत्रमागवाला, घामाने निथळतोय, पायात गोळे, पण नावगाव नीट सांगतोय. तिसरी रस्त्याच्या कामावरची बाई, अंग भट्टीसारखं, टेंपरेचर ४१, काहीतरी असंबद्ध पुटपुटतेय आणि सोबत बोलायला कोणी नाही. वॉर्डातल्या सवयीने आपण सगळे पोराकडे पळतो कारण नातेवाईक तिथे ओरडत असतात. पण पहिली ती बाई. ताप ४० च्या वर आणि डोकं ताळ्यावर नाही म्हणजे उष्माघात, मग घाम असो नसो, उन्हात काम करता करता लागलेल्याला घाम असू शकतो. तिला पाणी मारून पंखा लावायचा, काखेत जांघेत बर्फ, एअरवेवर लक्ष. पॅरासिटामॉल ऑप्शनला हमखास असतं, त्याचा इथे उपयोग नाही, हा इन्फेक्शनचा ताप नाही.

एलपीएन यूएपीचं सोपं आहे. यूएपी म्हणजे साधारण आपल्या मावशी-मामा, फक्त तिथे ते स्टेबल पेशंटचे व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप, श्वास) आणि इनटेक आउटपुटही (पोटात किती गेलं, लघवी किती झाली) घेतात. एलपीएनला स्टेबल पेशंट, तोंडाची औषधं, ड्रेसिंग. पहिली असेसमेंट, पहिल्यांदा शिकवणं आणि औषध दिल्यावर फरक पडला का ठरवणं हे आरएनने कोणाकडेच सोपवायचं नाही.

सातरस्ता_सिस्टर

भारी समजावलं दोघांनी, आभार 🙏 अजून एक, "आधी असेसमेंट मग अ‍ॅक्शन" असं सगळीकडे सांगतात पण उत्तर कधी असेस करा असतं कधी डायरेक्ट काहीतरी करा असतं, हे कसं ओळखायचं? आणि आमच्यात एकीला डॉक्टरांना कळवा हेच सगळीकडे बरोबर वाटतं 😄

आयसीयू_नाईटवाली

प्रश्नात पुरेसं सांगून झालंय का ते बघायचं. रक्त चालू करून १० मिनिटं झाली, थंडी वाजतेय, कंबर दुखतेय. आता आणखी काय असेस करणार, रक्त बंद कर, नवीन सेटने सलाईन चालू ठेव, मग व्हायटल्स, मग कळव. पण कॅथेटर (लघवीची नळी) आहे आणि लघवी एकदम कमी झाली एवढंच दिलं असेल तर आधी नळी कुठे मुडपलीय का बघ, लगेच फोन नको, नाहीतर पलीकडून पहिला प्रश्न तोच येणार. आणि डॉक्टरांना कळवायची सवय आपल्याला वॉर्डाने लावलीय, परीक्षेत कळवायच्या आधी तुझ्या हातात करण्यासारखं काही आहे का ते शोध. परीक्षेतल्या हॉस्पिटलात स्टाफ सामान सगळं भरपूर असतं बरं का, एकटीला तीस बेड असं डोक्यात ठेवून सोडवू नकोस.

पुस्तकी_किडा

थोडी माहिती माझ्याकडून. १ एप्रिल २०२३ पासून पॅटर्न बदललाय, क्लिनिकल जजमेंटच्या केस स्टडी तीन येतात, एकेकीत सहा प्रश्न, आणि ते सहा म्हणजे सहा पायऱ्याच आहेत: खुणा ओळखा, त्यांचा अर्थ लावा, कोणती शक्यता आधी ते ठरवा, काय करता येईल, काय कराल, आणि फरक पडला का. वरचं मुंग्यांचं उदाहरण याच क्रमाने लिहून काढा एकदा, मी तसंच करते. एकूण ८५ ते १५० प्रश्न, ५ तास, मागे जाता येत नाही. अर्धे मार्क मिळतात आता पण "लागू पडणारे सगळे निवडा" मध्ये चुकीच्यावर टिक केली की मार्क कापतात, फक्त त्याच प्रश्नातले, शून्याखाली जात नाही. म्हणून तिथे सगळ्यावर टिक मारत सुटू नका.

सातरस्ता_सिस्टर

ओके, आज नाईट आहे, वॉर्डातलेच सहा पेशंट असे लिहून बघते. नाव-बेड नंबर न टाकता इथे टाकले तर चालतील ना तपासायला?

कॅज्युअल्टी_ब्रदर

टाका की. फक्त क्रम आधी तुम्ही लावा, आणि शेवटचा कोण तेही लिहा, तिथेच जास्त गडबड होते.