पोळीचा डब्बा म्हणजे आळस?

मानेवाड्याची आई
काल इथे एका ताईंनी लिहिलं, वाढत्या पोराला रोज पोळी देणं हा आईचा आळस आहे, डब्यात पाच खण आणि पाच रंग हवेत. वाचून रात्री झोप लागली नाही. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, यंदा शाळेची पँट दोनदा घ्यावी लागली. साडेसहाला व्हॅन दारात येते, म्हणून मी पाचला कणिक मळते. मधली सुट्टी पंधरा मिनिटांची. त्यात हात धुणं, बाटली भरणं, मित्रांशी बोलणं. पाच खण उघडेल कधी तो?
मी दोन जाड पोळ्यांना तूप आणि जवसाची चटणी लावून गुंडाळून देते, नाहीतर ज्वारी-बेसनाचं थालीपीठ, भरपूर सांभार, म्हणजे कोथिंबीर, घालून. सोबत मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे) आणि गुळाचा खडा. एका हातानं खाता येतं, काही सांडत नाही, डब्बा रिकामा परत येतो.

धरमपेठ
मीच लिहिलं होतं ते. आळस हा शब्द मागे घेते, बाकी एकही नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत १० ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ३२ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत आणि १३ ते १५ ला ४५. गरज एवढी वाढलेली असताना तूप-पोळी कशी पुरेल? मटकी, पनीर, अंडं कुठे आहे?

इतवारीचा बाप
अंड्याचं नाव काढलं म्हणून बोलतो. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं. माझ्या पोरीनं उकडलेलं नेलं तर बाईंनी तिला व्हरांड्यात एकटं बसवून खायला लावलं. वास येतो म्हणे! तेव्हापासून ती घरीही अंड्याला हात लावत नाही.

महालची आजी
आमच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा नसतो. वर्गात पोरं डब्बा वाटून खातात, नातीच्या तोंडात नकळत गेलं तर? आमचाही विचार करा की!

इतवारीचा बाप
नातीला विचारून खायला शिकवा, काकू. माझ्या पोरीला उठवायचं काहून? शाळेच्या पोषण आहारात सरकारनं २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू केलं, नको त्याला केळं होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे बंद केले. ज्याच्या घरी अंडं येत नाही, त्या लेकराचं तेवढंही गेलं.

महालची आजी
सरकारचं माझ्या डोक्यावर कशाला? मी कुणाच्या लेकराला उठवलं नाही. बाईंनी एकटं बसवायला नको होतं, एवढं मान्य करते. वाटून खाण्याचं माझं म्हणणं मात्र तसंच आहे.

मानेवाड्याची आई
सगळं अंड्यावरच चाललं. धरमपेठच्या ताई, एप्रिलात मी मुगाची उसळ दिली होती. सहाला गरम भरून झाकण लावलं, दप्तर खिडकीपाशी उन्हात. सुट्टीपर्यंत आंबली. पोरगा उपाशी राहिला आणि फाटकावरचे समोसे खाऊन आला. नागपूरच्या उन्हात पाच रंग टिकतात का, ते सांगा.

धरमपेठ
गरम भरून लगेच झाकण लावलं तर आंबणारच, आधी निवू द्यायची. पण उन्हाळ्यात उसळ-पनीर नको, हे तुमचं बरोबर. फल्लीदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात आणि ज्वारीत जे कमी ते बेसनात मिळतं. तुमचं थालीपीठ मी घाईत वाचलं. भाजीचं मात्र सोडणार नाही. नुसत्या सांभारानं भागत नाही.

मानेवाड्याची आई
मेथी घालते थालीपिठात, हिवाळ्यात संत्रंही देते. मटकी कोरडी परतून पोळीत भरून बघीन, थंडीतच. इतवारीचे भाऊ, तुम्ही ऑम्लेट पोळीत गुंडाळून द्या ना, कोणाला कळणार नाही.

इतवारीचा बाप
लपवून नाही देणार, ताई. तिनं काही चोरलं नाही.